‘बाहेर पड’ म्हणजे नेमके कशातून?

गेल्या अंकात फंक्शनच्या लांबीविषयीच्या एका प्रश्नाला उत्तर देताना ओघात असे लिहिले होते, की गोटूमधली (म्हणजे प्रोग्रामला लेबल लावलेल्या दुसऱ्या ओळीवर थेट नेणाऱ्या आज्ञेतली) उडी फारशी त्रासदायक नसते. उडी जिथे जाऊन पडते ती जागा मुकी असते, हा खरा त्रास आहे. त्या एका वाक्यावर अपेक्षेपेक्षा जास्त पत्रे आली. त्यांतील एकमेकांशी नाते असलेले पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत. कोडचे नमुने वाचायला सोपे जावेत म्हणून ते देवनागरीत उतरवले आहेत.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात ‘सी’च्या प्रात्यक्षिकात गोटू दिसला की गुण कापतात. मी लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा कोड उघडून पाहिला, तर तिथे गोटू जागोजागी आहे. मग चूक कोणाची?
— एक विद्यार्थी, कराड

उत्तर : आपल्या शिक्षकांच्या नियमाचे मूळ मार्च १९६८ मधल्या एका पत्रात आहे. संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ या नियतकालिकाकडे गोटूविरुद्धची आपली बाजू मांडणारा छोटा मजकूर पाठवला. संपादक निक्लाउस विर्थ यांनी तो पत्र म्हणून छापला आणि ‘गोटू विधान हानिकारक मानले जाते’ अशा अर्थाचा नवा मथळा त्याला दिला. पुढे मथळाच तेवढा लोकांच्या लक्षात राहिला, आणि आतला युक्तिवाद फार थोड्यांनी वाचला.

तो युक्तिवाद असा. चालता चालता प्रोग्राम मध्येच थांबवला, तर तो कुठवर आला आहे हे दुसऱ्याला कसे सांगायचे? विधाने नुसती एकाखाली एक असतील तर ओळीचा क्रमांक पुरतो. फंक्शन असतील तर ओळीच्या क्रमांकाबरोबर कोणी कोणाला कुठून बोलावले ती साखळी सांगावी लागते, आणि लूप असतील तर कितवी फेरी चालू आहे तेही. म्हणजे गाव, गल्ली आणि घर क्रमांक असा नीट पत्ता तयार होतो, आणि तो पत्ता समोरच्या मजकुरावरून वाचता येतो. गोटू मोकाट सोडला की असा पत्ता उरत नाही. सुरुवातीपासून किती पावले झाली हे मोजून ‘प्रोग्राम बाराशेव्या पावलावर आहे’ असे सांगता येईल, पण ते अचूक असूनही निरुपयोगी आहे, हेही डाइक्स्ट्रा यांनीच त्या पत्रात नोंदवले आहे. लेबलापाशी पोहोचलेला वाचक स्टँडवर उभ्या असलेल्या उतारूकडे पाहतो, पण तो कोणत्या गाडीने आला हे त्याला कळायला मार्ग नसतो.

आता लिनक्सकडे पाहू. समजा एका फंक्शनला आधी मेमरी घ्यायची आहे, मग एक बफर नोंदवायचा आहे, मग लॉक घ्यायचे आहे. लॉक मिळाले नाही तर बफर आणि मेमरी, याच उलट्या क्रमाने परत करायला हवी. बफरच नोंदवला गेला नाही तर फक्त मेमरी. ‘सी’मध्ये यासाठी वेगळी सोय नाही. म्हणून फंक्शनच्या तळाशी ‘बफर_सोड’ आणि ‘मेमरी_सोड’ अशी लेबले ओळीने लावतात आणि जिथे अडचण येईल तिथून योग्य पायरीवर उडी मारतात. तिथून खाली घरंगळत गेले की उरलेली साफसफाई आपोआप होते. या उड्या नेहमी खालच्या दिशेने जातात, फंक्शनच्या बाहेर जात नाहीत, आणि लेबलाचे नावच काम सांगते. लिनक्सची कोडलेखनाची नियमावली या रीतीची शिफारस करते, पण त्याच जागी ‘एरर१’, ‘एरर२’ अशी जुन्या बेसिकच्या धर्तीची नावे देऊ नका असेही बजावते. जागा मुकी राहू नये म्हणूनच ही अट आहे.

संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांनी डिसेंबर १९७४ मध्ये याच विषयावर चाळीस पानांचा लेख लिहिला. काही ठिकाणी गोटू काढून दाखवावा आणि काही ठिकाणी मुद्दाम ठेवून दाखवावा, अशी त्याची मांडणी आहे. शिक्षकांनी परीक्षेत गुण कापणे मला योग्यच वाटते, कारण नवशिक्याच्या हातातला गोटू बहुधा मागे उडी मारून लूपचे काम करतो. गाभ्यातल्या गोटूचे काम वेगळे आहे. दोन्ही पटण्यासारखे आहे, म्हणून परीक्षेपुरते शिक्षकांचे ऐकावे.

प्रश्न : मी तीस वर्षे कोबोलमध्ये काम केले. आता नातू पायथॉन शिकतो, त्यात ब्लॉक (एकत्र चालणाऱ्या ओळींचा गट) संपला हे सांगणारा शब्दच नाही. शेलमध्ये (युनिक्सला टाइप करून आज्ञा देण्याच्या प्रोग्राममध्ये) ‘इफ’चा शेवट ‘फि’ असा उलटा लिहितात, सीमध्ये महिरपी कंस आहेत. एवढे प्रकार कशासाठी, आणि त्यांत बरा कोणता?
— एक निवृत्त प्रोग्रामर, ठाणे

उत्तर : कोबोलवाल्यांना या प्रश्नाची झळ इतरांहून आधी लागलेली असते, म्हणून पूर्णविरामापासून सुरुवात करतो. १९८५ च्या प्रमाणित आवृत्तीत ‘एंड-इफ’ येईपर्यंत कोबोलमधले एकात एक गुंतलेले सगळे ‘इफ’ एकाच पूर्णविरामाने एकदम मिटत असत. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात माझे दोन दिवस अशा एका ठिपक्याने खाल्ले. खाते चालू असेल तर आणि शिल्लक किमानपेक्षा कमी असेल तर दंड लावायचा आणि त्याची नोंद करायची, असा मजकूर होता. दंड लावण्याच्या ओळीअखेर कोणीतरी सवयीने पूर्णविराम दिला होता. खालची नोंदीची ओळ नीट आत सरकवून लिहिलेली होती, त्यामुळे डोळ्याला ती अटीच्या आतच दिसत होती. कंपायलरच्या, म्हणजे कोड यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रामच्या, लेखी मात्र ती अटीच्या बाहेर होती. परिणामी नोंद सगळ्याच खात्यांवर पडत होती. रिबन झिजलेल्या प्रिंटरच्या कागदावर तो ठिपका जवळजवळ दिसतच नव्हता. नव्वदच्या दशकाच्या शेवटी पुण्या-मुंबईत वाय-टू-केसाठी (२००० सालच्या तारखांच्या अडचणीसाठी) जुना कोबोल तपासत बसलेल्या अनेकांनी असले ठिपके शोधले असतील.

शेवट न सांगितल्याने होणारी दुसरी अडचण आपल्या बोलण्यातही सापडते. ‘पाऊस असेल तर छत्री सापडली तर बाहेर जा, नाहीतर घरी थांब.’ यातले ‘नाहीतर’ पावसाचे की छत्रीचे? छत्रीचे धरले तर कोरड्या दिवसासाठी काहीच सूचना नाही. पावसाचे धरले तर ऊन पडलेले असताना माणूस घरात बसून राहील. बोलताना आवाजाच्या चढउतारावरून अर्थ कळतो, लिहिताना तो आधार नसतो. पास्कल आणि सी यांनी यावर ‘एल्स सगळ्यात जवळच्या इफचा’ असा नियम केला. नियम स्पष्ट आहे, पण तो पाळला जाताना पानावर दिसत नाही.

अल्गोल ६८ ने हा घोळ मुळातच मिटवला. प्रत्येक रचनेला स्वतःचा शेवट दिला आणि त्यासाठी सुरुवातीच्या शब्दाची अक्षरे उलटी केली : ‘इफ’चे ‘फि’, ‘केस’चे ‘इसॅक’, ‘डू’चे ‘ऑड’. (मराठीत ही युक्ती केली असती तर ‘जर’चा शेवट ‘रज’ने करावा लागला असता.) स्टीफन बोर्न यांनी केंब्रिजमध्ये अल्गोल ६८ च्या कंपायलरवर काम केले होते. पुढे बेल लॅब्जमध्ये त्यांनी युनिक्सचे शेल लिहिले तेव्हा ते हेच शब्द बरोबर घेऊन आले. १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत ते शेल बाहेर पडले. फक्त ‘डू’चा शेवट तिथे ‘डन’ असा झाला, कारण ‘ओ’ आणि ‘डी’ या दोन अक्षरांची आज्ञा युनिक्समध्ये आधीच होती. फाइलमधले बाइट अष्टमान पद्धतीत छापून दाखवणे हे तिचे काम. आपल्याला रोज खटकणारी विसंगती अशी एका आधीच्या भाडेकरूमुळे आली आहे. गंमत म्हणजे बोर्न यांनी शेलचा मूळ सी कोडही मॅक्रोंच्या मदतीने अल्गोलसारखा दिसेल असा लिहिला होता, आणि तो वाचणाऱ्या सीवाल्यांनी कपाळाला हात लावला.

महिरपी कंसाची बाजू अशी, की तो आटोपशीर आहे. वाईट बाजू अशी, की पान भरून उरलेल्या फंक्शनच्या शेवटी चार कंस एकाखाली एक येतात तेव्हा कोणता कशाचा हे सांगायला माणसाला बोटे मोजावी लागतात. शिवाय एकच विधान असेल तर कंस वगळायची मुभा सीने दिली आहे, आणि त्या मुभेची किंमत फेब्रुवारी २०१४ मध्ये सगळ्यांनी पाहिली. ॲपलच्या सुरक्षित जोडणीच्या कोडमध्ये सर्व्हरची सही तपासणाऱ्या फंक्शनात असा मजकूर होता :

इफ ((एरर = हॅश_अद्ययावत(...)) != ०)
        गोटू फेल;
        गोटू फेल;
इफ ((एरर = हॅश_अंतिम(...)) != ०)
        गोटू फेल;

दुसरी ‘गोटू फेल’ ही ओळ पहिल्या ओळीइतकीच आत सरकलेली आहे, पण कंस नसल्यामुळे ती अटीत येत नाही. अट खरी असो वा खोटी, उडी ठरलेली. उडी मारताना ‘एरर’मध्ये शून्य, म्हणजे ‘सगळे ठीक’, असाच आकडा होता; त्यामुळे सही तपासलीच गेली नाही आणि उत्तर मात्र ‘सही बरोबर’ असे परत गेले. त्या वेळी सगळीकडे गोटूच्या नावाने शंख झाला. मला ते पटलेले नाही. गोटूच्या जागी दुसरे कोणतेही विधान चुकून दोनदा पडले असते तरी ते असेच अटीबाहेर गेले असते. ‘एंड इफ’ सक्तीचा असलेल्या भाषेत ती जादा ओळ अटीच्या आत राहून निरुपद्रवी ठरली असती. पायथॉनमध्येही तसेच झाले असते, कारण तिथे डोळा आणि कंपायलर एकच खूण वाचतात : ओळ किती आत सरकली आहे ती. ही कल्पना पायथॉनने ॲम्स्टरडॅममधल्या एबीसी या भाषेतून घेतली. सीवाल्यांनीही पुढे धडा घेतला. जीसीसी या सीच्या कंपायलरच्या २०१६ मधल्या सहाव्या आवृत्तीपासून सरकवलेली ओळ फसवी असेल तर कंपायलर तसा इशारा देतो.

तेव्हा आपल्या नातवाच्या भाषेत शेवट आहे, फक्त तो शब्दाने न सांगता जागेने सांगितला आहे. छोट्या ब्लॉकला ते उत्तम जमते. ब्लॉक दोन पाने लांबला, किंवा कोड एका ठिकाणाहून दुसरीकडे चिकटवताना समासाच्या रिकाम्या जागा गळाल्या, की आपल्या ‘एंड-इफ’ची किंमत कळते. मला स्वतःला नाव घेऊन संपणारा शेवट आवडतो. आपल्या पोथ्या तसेच करतात. नुसते ‘इति’ म्हणून थांबत नाहीत. गीतेत प्रत्येक अध्यायाअखेर ‘अर्जुनविषादयोगो नाम प्रथमोऽध्यायः’ असे संपणाऱ्याचे नाव आणि क्रमांक दोन्ही येतात. सुटी पाने विस्कटली तरी कोणते पान कशाचा शेवट आहे ते कळते.

प्रश्न : लूपच्या आत लूप असताना ब्रेक फक्त आतल्या लूपमधून बाहेर काढतो. दोन्हींतून बाहेर पडण्यासाठी मी ‘सापडले’ नावाचे व्हेरिएबल ठेवून दोन ठिकाणी तपासतो. याहून बरी पद्धत आहे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : भाषेवर अवलंबून आहे. जावामध्ये बाहेरच्या लूपला लेबल लावून ‘ब्रेक शोध;’ असे लिहिता येते. (जावाने गोटू हा शब्द राखीव ठेवला आहे, पण त्याला कामच दिलेले नाही, कोणी वापरू नये म्हणून घेऊन ठेवलेल्या जागेसारखा तो पडून आहे.) फोर्ट्रान ९०, एडा, पर्ल आणि रस्ट यांतही नाव घेऊन बाहेर पडता येते. एडाचा थाट सगळ्यांत चोख आहे : लूपला ‘शोध’ असे नाव दिले तर बाहेर पडताना ‘एक्झिट शोध व्हेन सापडले’ असे लिहिता येते आणि शेवटी ‘एंड लूप शोध’ असे लिहावेच लागते, नाव जुळले नाही तर कंपायलर पुढे जाऊ देत नाही.

पीएचपी आणि शेल यांत ‘ब्रेक २’ असे आकड्याने सांगता येते. ते टाळावे. सहा महिन्यांनी कोणी मध्ये आणखी एक लूप घातला, की तोच २ वेगळ्या ठिकाणी नेतो आणि कोणीही तक्रार करत नाही. नाव तसे घसरत नाही.

नुसत्या ‘ब्रेक’मध्ये नेमके कशातून हे सांगितलेले नसते, याचा सगळ्यांत महाग दाखला १५ जानेवारी १९९० चा आहे. त्या दिवशी अमेरिकेतल्या एटीअँडटीच्या लांब पल्ल्याच्या दूरध्वनी जाळ्यातली ११४ स्विचिंग केंद्रे एकामागून एक बंद पडून पुन्हा चालू होऊ लागली आणि सुमारे नऊ तास लाखो कॉल अडकून राहिले. कारण महिनाभर आधी बसवलेल्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये होते. सीमधल्या एका ‘स्विच’च्या (मूल्य पाहून अनेक वाटांपैकी एक निवडणाऱ्या रचनेच्या) आत ‘इफ’ होता आणि त्या ‘इफ’च्या आत ‘ब्रेक’. ‘इफ’ला ब्रेक कळत नाही, त्यामुळे तो ब्रेक थेट ‘स्विच’बाहेर घेऊन गेला, मधले काम राहून गेले आणि माहितीवर भलतीच माहिती लिहिली गेली. एका केंद्राने सावरल्यावर पाठवलेल्या संदेशांनी शेजारच्या केंद्रात तीच चूक जागी होई, आणि ते पडले की पुढचे. लूपमधून आणि स्विचमधून बाहेर पडण्यासाठी एकच शब्द ठेवणे ही सीची किफायत होती. बीसीपीएल या तिच्या आजोबा भाषेत दोन्हींसाठी वेगवेगळे शब्द होते.

आपण पायथॉन वापरत असाल, तर तिथे लेबल लावण्याची सोय नाही आणि ती येईल अशी वाट पाहू नये. तसा प्रस्ताव २००७ मध्ये पायथॉनचे जनक खीदो व्हान रॉसम यांनी नाकारला. इतका गुंतलेला कोड विरळा असतो आणि बहुतेक वेळा ‘रिटर्न’ने काम भागते, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्या बाबतीत ते लागू पडते : दोन्ही लूप एका छोट्या फंक्शनात टाका, त्याला ‘पहिली_जुळणारी_नोंद’ असे नाव द्या आणि सापडताच रिटर्न करा. बाहेर पडण्याच्या जागेला नाव मिळाले आणि ‘सापडले’ हे व्हेरिएबलही गेले.

प्रश्न : ‘एक्झिट’ आणि ‘रिटर्न’ यांत फरक काय?
— एक विद्यार्थिनी, मडगाव

उत्तर : कोणत्या भाषेतला एक्झिट, ते आधी पाहावे. सीमध्ये तो अख्खा प्रोग्राम संपवतो, डेल्फीमध्ये चालू प्रोसिजर, आणि मॉड्युला-२, एडा व फोर्ट्रान ९० मध्ये फक्त लूप. व्हिज्युअल बेसिकने मात्र शहाणपणा केला आणि ‘एक्झिट फॉर’, ‘एक्झिट सब’ असे नाव घ्यायला लावले. शेलमध्ये तर एकच ओळ दोन तऱ्हेने वागते : स्क्रिप्ट नेहमीप्रमाणे चालवली तर ‘एक्झिट’ने स्क्रिप्ट संपते, पण तीच फाइल ‘सोर्स’ करून, म्हणजे चालू शेलमध्येच वाचायला लावून, चालवली तर आपण काम करत असलेले शेलच बंद होते आणि समोरची खिडकी नाहीशी होते. सोर्स करायच्या फाइलमध्ये ‘रिटर्न’ लिहावे.

प्रश्न : आम्ही काही मित्र शाळेतल्या मुलांसाठी मराठी शब्दांची एक छोटी प्रोग्रामिंग भाषा करत आहोत. ब्लॉकच्या शेवटासाठी कोणते शब्द घ्यावेत?
— एक शिक्षक, लातूर

उत्तर : इंग्रजी शब्दांची जागा मराठी शब्दांनी भरून थांबू नका, मराठी वाक्य स्वतः शेवट कसा दाखवते ते पाहा. आपल्याकडे क्रियापद शेवटी येते, आणि दुसऱ्याचे बोलणे सांगून झाले की ‘असे’ किंवा ‘म्हणून’ येऊन ते मिटते. मुलांना ‘संपले’ हा शब्द लगेच कळेल, पण नुसता नको. काय संपले हे आधी सांगा, म्हणजे ‘जर संपले’, ‘फेरी संपली’. लिंग आपोआप जुळते आणि मुलाने चुकून ‘जर’वर ‘संपली’ लावले तर तुमच्या कंपायलरला नेमका इशारा देता येतो. ही सोय इंग्रजीला नाही.

एक सावधगिरी बाळगावी. पीएल/वन या १९६० च्या दशकातल्या भाषेत लेबल असलेला ‘एंड’ त्या नावाच्या ब्लॉकबरोबर आतले सगळे उघडे राहिलेले ब्लॉकही गुपचूप बंद करत असे. लिहिणाऱ्याचे श्रम वाचले, पण आतला ‘एंड’ विसरला तर ती चूकही त्याच झाकणाखाली गेली. तुमच्या भाषेत एका शेवटाने एकच गोष्ट मिटावी.

बाहेर पडण्यासाठी ‘थांब’ घेऊ नका. मुलाला ते ‘प्रोग्राम थांब’ असे वाटेल. ‘बाहेर पड’ला पंचमी जोडा आणि फेरीला नाव द्यायला लावा. असे काहीसे दिसेल :

फेरी शोध : प्रत्येक नाव हजेरीत
        जर नाव = ‘सई’ तर
                लिही ‘सापडली’
                शोध फेरीतून बाहेर पड
        जर संपले
शोध फेरी संपली

‘तून’ हा प्रत्यय ओळखायला पार्सरमध्ये (कोडची वाक्यरचना ओळखणाऱ्या भागात) थोडे जास्त काम करावे लागेल. ‘फेरी’चे ‘फेरीतून’ होताना फक्त प्रत्यय मागे चिकटतो, त्यामुळे पहिल्या आवृत्तीत ते सहज निभेल. पुढे ‘यादी’, ‘रांग’ असे शब्द आणाल तेव्हा ‘रांगेतून’मधला सामान्यरूपाचा ‘ए’ आडवा येईल. त्यासाठी प्रत्येक राखीव शब्दाचे सामान्यरूप तक्त्यात आधीच लिहून ठेवावे, ते नियमाने काढण्याच्या नादी लागू नये.